दिव्याखालचा कायदा : सीमाभागातील वीज, परवाना आणि सहकार

वाचनालयाचा इतिहास लिहिताना ग्रंथांची संख्या, देणगीदारांची नावे, इमारतीचा पायाभरणी समारंभ आणि थोरामोठ्यांची व्याख्याने यांची नोंद अगत्याने होते. ज्या दिव्याखाली ते ग्रंथ वाचले गेले, त्या दिव्याची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः संध्याकाळी दिवसभराचे काम आटोपून वाचनालयात येणारा कारकून, शिक्षक, व्यापारी पेढीवरचा दिवाणजी किंवा परीक्षेचा विद्यार्थी हा वाचक दिव्यामुळेच शक्य झाला. रॉकेलचा कंदील जाऊन विजेचा दिवा आला तेव्हा वाचनाचे तास वाढले, आणि त्याबरोबर एक नवे परावलंबनही आले. रॉकेल कोणत्याही दुकानातून घेता येत असे. एक दुकानदार महाग वाटला तर दुसऱ्याची पायरी चढता येत असे. विजेच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नव्हते.

हे दुसरे दुकान का नव्हते, ते नसावे असे कोणी ठरवले, आणि त्या बदल्यात नागरिकांना काय मिळाले, हा प्रश्न रूक्ष वाटला तरी तो बेळगाव–निपाणी भागाच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. या भागाने एका शतकात विजेच्या कारभाराचे चार प्रकार पाहिले : परवाना घेतलेला खासगी व्यावसायिक, सरकारी मंडळ, सभासदांची सहकारी संस्था आणि शेवटी आयोगाच्या देखरेखीखालील कंपनी. मधल्या काळात राज्याची सीमाही बदलली. म्हणूनच स्पर्धा किती असावी आणि वीजनिर्मितीची क्षमता कोणाच्या हाती असावी, या प्रश्नांची सरकारने वेळोवेळी दिलेली उत्तरे या भागात एकाच नजरेत दिसतात.

सहा घरांची मागणी

विजेचा धंदा इतर धंद्यांपेक्षा निराळा आहे. कापडाची दोन दुकाने शेजारी शेजारी उघडली तर गिऱ्हाइकाचा फायदाच होतो. परंतु एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी आपापले खांब रोवले आणि आपापल्या तारा ओढल्या, तर खर्च दुप्पट आणि प्रत्येकीच्या वाट्याला गिऱ्हाईक निम्मे, अशी अवस्था होते. शेवटी एक कंपनी बुडते किंवा दोघी हातमिळवणी करून दर वाढवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहराने हा अनुभव घेतला. तेथील वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युएल इन्सल यांनी १८९८ साली आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत असा विचार मांडला की, स्पर्धा टाळायची असेल तर दरांवर सरकारी नियंत्रण स्वीकारावे लागेल. धंदेवाईकाने आपण होऊन सरकारी अंकुश मागावा ही गोष्ट त्या वेळी अनेकांना विचित्र वाटली. पण १९०७ साली विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी नियामक आयोग नेमले आणि हाच विचार कायद्याच्या रूपाने रूढ झाला.

हिंदुस्थानात १९१० सालचा भारतीय वीज कायदा आला. या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. विशिष्ट क्षेत्रात वीज पुरवायची तर सरकारचा परवाना आवश्यक ठरला. मात्र एका व्यक्तीला परवाना दिला म्हणून त्याच क्षेत्रात दुसऱ्याला परवाना देण्यास आडकाठी नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हटले होते. म्हणजे कागदावर मक्तेदारी कोणालाच दिलेली नव्हती. पण त्याच कायद्यात असेही होते की, परवाना नसलेल्या कोणाला वीज विकायची असेल तर सरकारची पूर्वसंमती हवी, आणि ज्या भागात आधीच परवानाधारक आहे तेथे त्याचीही संमती हवी. ती त्याने विनाकारण अडवून धरली असे सरकारला वाटले तरच तिच्यावाचून काम होई. त्यामुळे कायद्याने उघडा ठेवलेला दरवाजा व्यवहारात बहुतेक ठिकाणी बंदच राहिला.

या बंद दरवाजाची किंमत म्हणून परवानाधारकावर कर्तव्ये लादलेली होती. एखाद्या रस्त्यावर तारा गेलेल्या नसतील आणि तेथील सहा किंवा अधिक घरमालकांनी वा भाडेकरूंनी मिळून लेखी मागणी केली, व किमान दोन वर्षे वीज घेण्याचा करार केला, तर परवानाधारकाला त्या रस्त्यावर वाहिनी टाकणे भाग होते. एका गिऱ्हाइकाला एक अटी आणि दुसऱ्याला दुसऱ्या, असा पक्षपात करण्यास मनाई होती. गल्लीतल्या सहा घरांनी एकत्र येऊन कंपनीला कामाला लावावे, ही तरतूद म्हटली तर लहान आहे. पण मक्तेदारी आणि नागरिक यांच्यातील सौदा काय असावा, हे तिच्यातून नेमके कळते. तुम्हाला प्रतिस्पर्धी नाही, म्हणून तुम्हाला नकाराचाही अधिकार नाही, असे कायदा परवानाधारकाला बजावत होता.

आणखी एक तरतूद या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. परवान्याची मुदत संपल्यावर तो उद्योग विकत घेण्याचा पहिला हक्क, पुरवठ्याचे सारे क्षेत्र एकाच नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर, त्या नगरपालिकेला दिलेला होता. तिने घेतला नाही तर सरकारने घ्यावा, असा क्रम होता. शहराचा दिवा आज खासगी माणसाच्या हाती असला तरी उद्या तो शहराच्या मालकीचा होऊ शकेल, ही शक्यता १९१० च्या कायद्याने जिवंत ठेवली होती. मुंबई महापालिकेने ऑगस्ट १९४७ मध्ये वीजपुरवठा आणि ट्राम चालवणारी बेस्ट कंपनी आपल्या ताब्यात घेतली, हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण होय.

मुंबईची रीत, म्हैसूरची रीत

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मुंबई इलाख्याची रीत खासगी भांडवलाची. टाटांनी १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला आणि १९२७ साली भिरा येथे जलविद्युत केंद्रे उभारली आणि मुंबईच्या गिरण्या त्यांवर चालल्या. शहरोशहरी परवानाधारक कंपन्या लहान यंत्रे लावून आपापल्या हद्दीत वीज देत. खुद्द बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर १८८७ पासून सूतगिरणी चालू होती. परंतु ते बळ गिरणीसाठी होते. आसपासच्या खेड्यांना त्याचा उपयोग नव्हता. जेथे गिऱ्हाईक दाट तेथे तारा जात, आणि खेड्यात रात्र पडली की पूर्वीसारखाच अंधार असे.

म्हैसूर संस्थानाची रीत वेगळी होती. शिवनसमुद्र येथे १९०२ साली संस्थानाने स्वतः जलविद्युत केंद्र उभारून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज दिली आणि १९०५ साली बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले. तेथे वीज हे पहिल्यापासून सरकारी खाते होते. पुढे बेळगाव, चिकोडी, हुक्केरी आणि निपाणी या गावांचे भवितव्य या दुसऱ्या रीतीशी जोडले गेले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दोन्ही रीतींना एकत्र आणणारा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आला आणि त्यात दोन मराठी माणसांचा वाटा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते आणि वीजधोरण त्यांच्या खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न देशाच्या औद्योगिकीकरणाशी आणि गरिबीच्या निवारणाशी जोडला, आणि वीज स्वस्त व भरपूर मिळायची तर तिची मालकी कोणाकडे असावी, याचा विचार झालाच पाहिजे असा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली वीज (पुरवठा) कायदा झाला तेव्हा केंद्रात हे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते.

या कायद्याने राज्यांना वीज मंडळे स्थापण्यास सांगितले. जेथे परवानाधारक नाही किंवा अपुरा पडतो, तेथे वीज नेणे हे मंडळाचे काम ठरले. खासगी परवानाधारकांचा नफा बांधला गेला : गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक वाजवी परतावा घ्यावा, त्याहून अधिक नफा झाला तर त्यातला काही भाग राखीव निधीत जावा आणि काही गिऱ्हाइकांना सवलतीच्या रूपाने परत मिळावा. याहून दूरगामी ठरले ते क्षमतेवरचे नियंत्रण. मंडळाच्या संमतीशिवाय कोणाही परवानाधारकाला नवे वीजकेंद्र उभारता येईना, की जुन्या केंद्रात मोठी भर घालता येईना. मंडळाला आवश्यक वाटल्यास परवानाधारकाचे वीजकेंद्र कायमचे बंद करण्याचाही अधिकार त्याला मिळाला.

यामागचा हेतू शुद्ध होता. प्रत्येक गावात लहान तेलयंत्र धडधडत ठेवण्यापेक्षा मोठ्या नदीवर एक मोठे केंद्र उभारून सर्वांना स्वस्त वीज देणे शहाणपणाचे होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, गावाने किंवा शहराने स्वतःची वीज स्वतः निर्माण करावी हा मार्ग हळूहळू मिटला. कोणत्या भागात किती वीज, हे यापुढे राज्याच्या राजधानीत ठरू लागले. १९५९ च्या दुरुस्तीने हा बदल पुरा झाला. परवान्याची मुदत संपल्यावर उद्योग विकत घेण्याचा जो पहिला हक्क १९१० पासून नगरपालिकेचा होता, तो राज्य वीज मंडळाकडे गेला. मंडळानंतर राज्य सरकार आणि त्यानंतर स्थानिक संस्था, असा नवा क्रम लागला. पहिल्या पाटावर बसलेली नगरपालिका शेवटच्या पंक्तीला गेली. या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, पण स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात तो नोंदला गेला पाहिजे.

सीमा आणि तारा

मुंबई राज्य वीज मंडळ १९५४ साली स्थापन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूर राज्य वीज मंडळ १ ऑक्टोबर १९५७ रोजी अस्तित्वात आले. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि १९६० नंतर महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या कक्षेत आला. जे गाव कालपर्यंत एकाच मामलेदाराकडे सारा भरत होते, एकाच बाजाराला जात होते, त्यांचे खांब आता दोन मंडळांचे झाले. सीमाप्रश्नाची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सीमा रोजच्या जगण्यात कशी उतरते हे पाहायचे तर विजेचे बिल, बसचे तिकीट आणि नळाची पाणीपट्टी पाहावी.

एक गोष्ट तर पुष्कळांना नवलाची वाटेल. देशाचे वीजजाळे विभागवार उभे राहिले. महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात. ही दोन्ही जाळी दीर्घकाळ एका लयीत चालत नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही अतिउच्च दाबाची वाहिनी सुरू झाली तेव्हाच दक्षिणेचे जाळे देशाच्या उरलेल्या जाळ्याशी समकालिक रीतीने जोडले गेले. तोपर्यंत निपाणीचा दिवा आणि काही कोसांवरच्या कागलचा दिवा हे दोन वेगळ्या यंत्रणांच्या स्पंदनांवर जळत होते. एकीकडे शरावतीच्या जलाशयात पाणी कमी झाले की कपात, तर दुसरीकडे कोयनेच्या. सख्ख्या भावांची शेते सीमेच्या दोन बाजूंना असतील, तर एकाचा पंप चाले तेव्हा दुसऱ्याचा बंद, असे घडण्याला निसर्गापेक्षा ही विभागणीच अधिक कारण होती.

बसची कथाही याच जातीची आहे. मिरजेहून येणारा लोहमार्ग कुडची, रायबाग, गोकाक रोड करीत बेळगावला गेला. निपाणी आणि संकेश्वर त्याच्या वाटेवर आले नाहीत. तंबाखूच्या एवढ्या मोठ्या पेठेला रेल्वे नाही, म्हणून पुणे–बंगळूर रस्त्यावरची मोटार हाच तिचा आधार होता. परंतु तिसाव्या दशकात मोटारींनी रेल्वेचे उत्पन्न ओढले अशी सरकारची तक्रार झाली. मिचेल–कर्कनेस समितीने या प्रश्नाची पाहणी केली, १९३३ साली सिमल्याला रस्ते–रेल्वे परिषद भरली आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. कोणत्या मार्गावर किती गाड्या चालाव्यात, आधीची सेवा पुरेशी आहे काय, हे पाहून प्रादेशिक परिवहन प्राधिकरण परवाना देऊ लागले. मुळात रेल्वेच्या संरक्षणासाठी घडवलेले हे हत्यार रेल्वे नसलेल्या गावांनाही तितकेच लागू झाले. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर एस. टी. धावली आणि खासगी मोटारमालकांचे मार्ग क्रमाक्रमाने सरकारी झाले. सीमाभागात १९५६ नंतर हीच सेवा म्हैसूरच्या व्यवस्थेत गेली. १९६१ साली तेथे परिवहन महामंडळ झाले आणि १९९७ पासून हुबळी येथे मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक महामंडळ हा भाग सांभाळते. सीमा ओलांडणाऱ्या फेऱ्या किती असाव्यात, हे दोन राज्यांच्या परस्पर कराराने ठरते. प्रवासी किती आहेत याबरोबर दोन सरकारांचे जमते किती, यावरही फेऱ्यांची संख्या अवलंबून राहिली.

हुक्केरीचा प्रयोग

मंडळांच्या या काळात बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्यात निराळाच प्रयोग झाला, आणि तो आजही चालू आहे. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाली. त्याच सुमारास देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रायोगिक तत्त्वावर उभ्या राहिल्या : महाराष्ट्रात मुळा–प्रवरा, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि म्हैसूर राज्यात हुक्केरी. यामागे अमेरिकेचा अनुभव होता. तेथे खासगी कंपन्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर तारा न्यायला तयार नव्हत्या, कारण मैलामागे गिऱ्हाईक थोडे. १९३५ साली रूझवेल्ट यांच्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभारून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जे दिली आणि शेतकऱ्यांनी आपले खांब आपणच रोवले. त्या चळवळीतील संस्थेचे तज्ज्ञ भारतातील प्रयोगाला साहाय्य करण्यासाठी आले.

हुक्केरी तालुका निपाणी आणि बेळगाव यांच्या मधोमध पसरलेला. संकेश्वरची बाजारपेठ, हिरण्यकेशी आणि घटप्रभा यांची खोरी, ऊस, तंबाखू आणि विहिरींची शेती, कन्नड व मराठी या दोन्ही भाषांचा वावर, असे या मुलखाचे रूप. येथे सहकार नवा नव्हता. पतपेढी, सोसायटी आणि साखर कारखाना यांच्या सभासदत्वाची लोकांना सवय होती. त्यामुळे विजेचेही सभासद होता येते ही कल्पना त्यांना परकी वाटली नाही. मंडळाच्या गिऱ्हाइकाला तक्रार घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जावे लागे. संस्थेच्या सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून विचारता येत होते, आणि उत्तर पटले नाही तर पुढच्या निवडणुकीत संचालक बदलता येत होता. १९५९ साली स्थानिक संस्थांच्या हातून जो हक्क निसटला होता, तो दहा वर्षांनी सहकाराच्या वाटेने एका तालुक्यात अंशतः परत आला, असे म्हणता येईल.

अंशतः म्हणण्याचे कारण असे की, संस्थेला वाटपाचा परवाना मिळाला, निर्मितीची क्षमता मिळाली नाही. वीज घाऊक दराने मंडळाकडून घ्यायची आणि सभासदांना किरकोळ दराने द्यायची, हा तिचा व्यवहार. घाऊक दर एका हाताने ठरवलेला आणि किरकोळ दरही सरकारच्या धोरणाने बांधलेला. मधल्या फटीत संस्थेने तारा, रोहित्रे, वायरमन आणि गळती यांचा खर्च भागवायचा. या रचनेतील विसंगती हिडकल येथे उघड दिसते. घटप्रभेवरचे हे धरण हुक्केरी तालुक्यातच आहे आणि त्याच्या पायथ्याशी राज्याच्या वीज महामंडळाचे ३२ मेगावॅटचे केंद्र १९९२ साली उभे राहिले. तालुक्यातील पाण्यावर तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि तालुक्याची संस्था त्या जाळ्यातून वीज विकत घेते.

शेतीपंपांच्या धोरणाने हा ताण वाढवला. कर्नाटकात २००८ पासून १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याकडून येणारे पैसे सरकारकडून अनुदानाच्या रूपाने यायचे असतात. ते वेळेवर आले तर संस्था चालते. उशीर झाला तर घाऊक विजेची थकबाकी वाढते. म्हणजे सभासदांनी निवडलेले संचालक कितीही दक्ष असले तरी संस्थेच्या जमाखर्चातील सर्वांत मोठे आकडे त्यांच्या हाती नसतात. याच्या उलट, संचालक दक्ष नसले तर दोष अनुदानावर ढकलण्याची सोयही होते. सहकाराच्या टीकाकारांनी आणि कैवाऱ्यांनी, दोघांनीही ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

मुळा–प्रवरेचा शेवट या संदर्भात बोधप्रद आहे. श्रीरामपूर परिसरातील ती संस्था मोठी होती आणि शेतीपंपांचे प्रमाणही मोठे होते. घाऊक दर अवाजवी आहे असे संस्थेचे म्हणणे, तर थकबाकी भरली नाही असे मंडळाचे आणि नंतर महावितरणचे म्हणणे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. परवान्याची मुदत संपल्यावर २०११ च्या जानेवारीत महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्या क्षेत्रातील पुरवठा महावितरणकडे दिला. पाच भावंडांपैकी हुक्केरी आणि तेलंगणातील सिरसिल्ला या संस्था मात्र आजही काम करीत आहेत. हुक्केरीच्या संचालक मंडळाची निवडणूक आजही जिल्ह्याच्या राजकारणात चुरशीने लढवली जाते. सत्तेसाठी होणारी ही चुरस काहींना खटकते. परंतु लोक ज्या संस्थेला आपली मानीत नाहीत तिच्या निवडणुकीत चुरस नसते, हेही खरे.

आयोगाचा काळ

१९९८ नंतर चित्र पुन्हा बदलले. दर ठरवण्याचे काम सरकारकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे द्यावे, हा विचार देशभर स्वीकारला गेला. कर्नाटकात १९९९ साली वीज सुधारणा कायदा अमलात आला, मंडळाच्या जागी पारेषण महामंडळ आले, आणि जून २००२ पासून बेळगाव जिल्ह्याचे वितरण हुबळीच्या हेस्कॉम कंपनीकडे गेले. महाराष्ट्रात मंडळाचे विभाजन जून २००५ मध्ये झाले. २००३ च्या केंद्रीय वीज कायद्याने निर्मितीवरील परवान्याचे बंधन बहुतांशी काढून टाकले. अर्धशतक बंद असलेला क्षमतेचा दरवाजा उघडला. साखर कारखान्यांना उसाच्या चिपाडावर वीज तयार करून जाळ्यात विकणे या धोरणामुळे अधिक सुलभ झाले.

वितरणातही एकाच क्षेत्रात दुसऱ्या परवानाधारकाला वाव देण्यात आला, मात्र त्याने आपले स्वतंत्र जाळे उभारले पाहिजे अशी अट होती. मुंबईत टाटांना किरकोळ गिऱ्हाइकांना वीज देता येईल की नाही यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २००८ मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. मुंबईच्या उपनगरातील काही गिऱ्हाइकांना वीजपुरवठादार निवडण्याची संधी मिळाली. बेळगाव–निपाणीच्या गिऱ्हाइकाला अशी निवड मिळाली नाही. विरळ वस्तीत दुसऱ्या तारा कोणी ओढणार नाही, हे १९१० साली जितके खरे होते तितकेच आजही आहे. त्याला जे मिळाले ते वेगळे आहे. दरवाढीचा प्रस्ताव आता प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते आणि आदेशात कारणे लिहावी लागतात. हुक्केरीच्या संस्थेचे दरही याच प्रक्रियेतून ठरतात. गल्लीतील सहा घरांनी जी मागणी पूर्वी कंपनीकडे करायची, ती आता हरकतीच्या रूपाने आयोगापुढे करता येते. मात्र ती करण्यासाठी आकडे वाचावे लागतात, नोटिसा वेळेवर मिळाव्या लागतात आणि त्या आपल्याला कळणाऱ्या भाषेत असाव्या लागतात. सीमाभागात या शेवटच्या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पाण्याच्या बाबतीत बेळगावने स्पर्धेचा आणखी एक प्रकार पाहिला. जागतिक बँकेच्या साहाय्याने बेळगाव, हुबळी–धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या निवडक विभागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना २००५ पासून हाती घेण्यात आली आणि तिचे काम वेओलिया या फ्रेंच कंपनीकडे सोपवले गेले. २००८ पर्यंत त्या विभागांत नळाला अखंड पाणी आले. येथे गिऱ्हाइकासाठी दोन कंपन्या झगडल्या नाहीत; कंत्राट मिळवण्यापुरती स्पर्धा झाली आणि त्यानंतर एकाच कंपनीने काम केले. जलवाहिन्यांची मालकी सार्वजनिकच राहिली. चोवीस तास पाणी मिळालेल्या प्रभागाला ही योजना सोयीची वाटली, तर शेजारच्या प्रभागाने आपली पाळी कधी, असे विचारले. त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम कंपनीचे नव्हते. ते नगराच्या प्रतिनिधींचे होते.

सौद्याची दुसरी बाजू

या शंभर वर्षांचा आढावा घेतला तर एक सूत्र हाती लागते. वीज, पाणी आणि बस या सेवांत स्पर्धा मर्यादित ठेवणे बहुधा अपरिहार्य होते आणि सरकारने ती मर्यादित ठेवली यात मूलतः चूक नव्हती. गोंधळ झाला तो सौद्याच्या दुसऱ्या बाजूला. स्पर्धेपासून संरक्षण दिल्यावर त्या बदल्यात जे कर्तव्य वसूल करायचे, ते वसूल करणारा कोण, हा प्रश्न दर पिढीत वेगळ्या रीतीने सुटला. आधी सरकारी सचिवालय, मग मंडळ, मग आयोग. मंडळाच्या काळात तर ज्याच्यावर देखरेख करायची आणि ज्याने देखरेख करायची, ते दोघे एकच होते; त्यामुळे तक्रारदाराला कोणाकडे जावे हे कळत नसे. क्षमतेचे नियंत्रण जसजसे वर सरकत गेले, तसतसा गावाचा आणि शहराचा शब्द क्षीण झाला. मात्र त्याच व्यवस्थेने ज्या खेड्यांत खासगी कंपनी कधीच गेली नसती तेथे वीज पोचवली, हेही न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

हुक्केरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ती संस्था निर्दोष आहे किंवा सर्वत्र तसेच व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. पण तालुक्याच्या पातळीवरचे लोक वीजवाटपासारखा गुंतागुंतीचा व्यवहार अर्धशतकाहून अधिक काळ चालवू शकतात, एवढे तिने सिद्ध केले आहे. तिचे पुढे काय होईल हे घाऊक दर, अनुदानाची नियमितता आणि सभासदांची जागरूकता या तिन्हींवर अवलंबून आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बंगळूरात ठरतात; तिसरी तालुक्यातच ठरते.

वाचनालयाच्या सभासदांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गणी, वार्षिक सभा, हिशेबाची तपासणी आणि कार्यकारिणीची निवडणूक या गोष्टी ते स्वतः करीत आले आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती एका लहान कामाची. या भागातील जुनी वीजबिले, मोटार सर्व्हिसची वेळापत्रके, परवान्यांच्या प्रती, नगरपालिकेचे ठराव आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल घरोघरच्या माळ्यांवर आणि दुकानांच्या फडताळांत पडून आहेत. रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी ते वाचनालयाच्या कपाटात आले, तर सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांनी आपला प्रकाश कोणत्या अटींवर मिळवला, याचा पुढचा इतिहास अस्सल कागदांच्या आधारे लिहिता येईल.